मनगटातील अस्थिबंधाच्या इजेनंतरची अस्थिरता : चित्रावरचे आकडे कितपत बोलतात?

छायाप्रकाश (धागाकर्ता)

मनगट लचकल्यानंतर काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात ‘हाडांची मांडणी सर्वसाधारण’ असे लिहिलेले असते आणि तरीही पुढे कित्येक महिने मूठ आवळली की कळ येत राहते. याउलट, ‘स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांमधील अंतर वाढलेले’ हा शेरा वाचून धसका घेतलेल्या माणसाच्या दुसऱ्या, कधीही न दुखावलेल्या मनगटातही तेवढेच अंतर निघते. मी निदानात्मक चित्रणाच्या क्षेत्रात काम करतो आणि हे दोन्ही प्रकारचे लोक मला वारंवार भेटतात. मनगटाची अस्थिरता मोजायची म्हणजे नेमके काय मोजायचे, कोणत्या स्थितीत मोजायचे आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. कोणाचेही वैयक्तिक निदान येथे होणार नाही. ते हात प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे.

आधी रचनेविषयी थोडे. मनगटात आठ लहान हाडे दोन रांगांत बसलेली असतात. कोपराकडील रांगेतली स्कॅफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम ही तीन हाडे या धाग्याच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांची गंमत अशी की त्यांना हलवणारा एकही स्नायू थेट त्यांच्यावर येऊन चिकटत नाही. वरून तळहाताची हाडे दाबतात, खालून प्रबाहूचे रेडिअस हाड आधार देते आणि मधली ही रांग केवळ सांध्यांच्या आकारामुळे व अस्थिबंधांच्या ताणामुळे आपल्या जागी राहते. दाब आला की स्कॅफॉइडचा कल तळहाताच्या बाजूला झुकण्याकडे असतो, तर ट्रायक्वेट्रम उलट्या दिशेला, म्हणजे हाताच्या पाठीकडे, वळू पाहते. ल्युनेट या दोन ओढींच्या मध्ये सापडलेले असते. दोन्ही बाजूंचे अस्थिबंध शाबूत असतील तोवर या ओढी एकमेकींना तोलून धरतात. स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांना जोडणारा अस्थिबंध तुटला, तर स्कॅफॉइड एकटेच पुढे झुकते आणि ल्युनेट ट्रायक्वेट्रमच्या मागोमाग हाताच्या पाठीकडे तोंड करते. ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम यांमधला अस्थिबंध निकामी झाला आणि त्याच्या जोडीचे आधारही ढिले पडले, तर ल्युनेट स्कॅफॉइडच्या नादी लागून तळहाताकडे झुकते. लिनशाइड, डॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये या दोन विकृतींची जी मांडणी केली, तिच्यातूनच आज अहवालांत दिसणारे ‘डिसी’ आणि ‘व्हिसी’ हे संक्षेप रूढ झाले. पहिल्यात ल्युनेट पाठीकडे वळलेले असते, दुसऱ्यात तळहाताकडे.

आता मोजमापांकडे वळू. समोरून काढलेल्या चित्रात स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यामधली फट मोजतात. ती साधारणपणे २ मि.मी.च्या आसपास असते, ३ मि.मी.च्या पुढे गेली की शंका घ्यायची आणि ५ मि.मी.च्या घरात पोचली की अस्थिबंध तुटल्याचे जवळजवळ गृहीत धरायचे, असा प्रघात आहे. या रुंद फटीला इंग्लिश विनोदी नट टेरी-थॉमस यांच्या पुढच्या दोन दातांमधल्या फटीवरून नाव पडले आहे. दातांवरून अस्थिबंधाचे निदान लक्षात ठेवणारी आमची जमात आहे, हे मान्य केलेच पाहिजे. त्याच चित्रात पुढे झुकलेले स्कॅफॉइड आपल्या लांबीच्या दिशेने समोर येते आणि त्याचे टोक अंगठीसारखे गोल दिसू लागते. या गोलापासून स्कॅफॉइडच्या कोपराकडील कडेपर्यंतचे अंतर ७ मि.मी.पेक्षा कमी भरले, तर हाड झुकले आहे असे समजतात. शिवाय दोन्ही रांगांच्या कडांवरून तीन सलग कमानी काढता येतात, ज्यांना गिलुला यांच्या कमानी म्हणतात. त्यांत कोठे पायरी पडली असेल, तर त्या ठिकाणचा अस्थिबंध संशयित ठरतो.

बाजूने काढलेले चित्र मला अधिक मोलाचे वाटते, कारण फट नसतानाही तिरपेपणा त्यात पकडता येतो. रेडिअस, ल्युनेट आणि कॅपिटेट (बोटांकडील रांगेतले मधले मोठे हाड) ही हाडे त्यात एकात एक बसवलेल्या वाट्यांसारखी एका रेषेत दिसायला हवीत. स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्या अक्षांमधला कोन सामान्यतः ३० ते ६० अंश असतो आणि त्याची सरासरी ४७ अंशांच्या जवळपास मानतात. तो ७० अंशांच्या पुढे गेला, तर स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांची फारकत झाल्याचा संशय बळावतो. ३० अंशांच्या खाली आला, तर ल्युनेटच्या दुसऱ्या बाजूकडे पाहावे. कॅपिटेट आणि ल्युनेट यांच्यामधला कोन ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, आणि ल्युनेट रेडिअसच्या तुलनेत १५ अंशांहून अधिक पाठीकडे वळलेले असेल, तर ते डिसीचे लक्षण समजतात.

आकडे हे असे आहेत. मात्र मनगटाची अस्थिरता हा हालचालीत आणि भाराखाली उघड होणारा दोष आहे, आणि टेबलावर सैल ठेवलेल्या हाताच्या एका चित्रात तो दिसेलच असे नाही. म्हणून माझा आग्रह असा की कोणताही आकडा सांगताना हाताची स्थिती, त्यावरचा भार आणि दुसऱ्या मनगटातला तोच आकडा या तीन गोष्टी बरोबर सांगाव्यात; त्यांच्याविना आलेल्या आकड्यावर मी मत देत नाही.

मूठभर

लेख वाचताना ठिकठिकाणी माझेच वर्णन वाचत असल्यासारखे वाटले. चार महिन्यांपूर्वी सायकलवरून पडताना मी तळहात जमिनीवर टेकला. त्या दिवशी काढलेल्या एक्स-रेत हाड मोडलेले नव्हते, स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांमधले अंतर २ मि.मी. आणि कोन ५८ अंश असल्याचे अहवालात लिहिले होते. सूज उतरली, पण घट्ट झाकण फिरवताना किंवा जमिनीवर हात टेकून उठताना मनगटाच्या पाठीकडच्या बाजूला खटका बसतो आणि हाताला जोर लागत नाही. दोन्ही आकडे आपण दिलेल्या मर्यादेच्या आत आहेत. मग अस्थिबंध शाबूत आहे असे मी समजावे का?

छायाप्रकाश

तसे समजण्याची घाई करू नये, इतकेच मी येथून म्हणू शकतो. कारण समजावून सांगतो.

स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांना जोडणारा अस्थिबंध इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा असून त्याचे तीन भाग आहेत. हाताच्या पाठीकडचा भाग सर्वांत जाड आणि बळकट असतो. प्रयोगशाळेतील चाचण्यांत तो तुटण्यासाठी सुमारे २६० न्यूटन बल लागल्याचे आढळले आहे. तळहाताकडच्या भागाला त्याच्या निम्म्याहून कमी बल पुरते आणि मधला पातळ पडदा त्याहूनही कमी बलाने फाटतो. शिवाय या अस्थिबंधाच्या आजूबाजूला दुय्यम आधार असतात, ज्यांत स्कॅफॉइडला अंगठ्याकडच्या हाडांशी आणि रेडिअसशी जोडणारे तसेच मनगटाच्या पाठीवरून आडवे जाणारे अस्थिबंध येतात. मुख्य अस्थिबंध तुटला तरी हे दुय्यम आधार काही काळ, कधीकधी बराच काळ, हाडांना जागेवर धरून ठेवतात. अशा मनगटाचे स्थिर चित्र निर्दोष येते. भार आल्यावरच फट उघडत असेल तर त्या अवस्थेला गतिज अस्थिरता म्हणतात. भाराशिवायही हाडे सरकलेली दिसू लागली की ती स्थितिज अस्थिरता. त्याच्याही आधीची एक पायरी आहे, जिच्यात भाराखालची चित्रेही सामान्य असतात आणि दोष केवळ सांध्यात घातलेल्या दुर्बिणीतून किंवा चांगल्या एमआरआयमध्ये सापडतो.

इजेच्या दिवशी काढलेले चित्र आपण सांगितले आहे. त्या दिवशी दुखणाऱ्या हाताची मूठ कोणी आवळून घेतली नसणार. मूठ घट्ट आवळली की स्नायूंच्या ओढीने कॅपिटेटचे डोके स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यामध्ये पाचरीसारखे दाबले जाते. त्यांना बांधणारा अस्थिबंध नसेल, तर फट तेव्हा उघडते. म्हणून मूठ आवळून काढलेले चित्र मागवतात. त्यातही दोन्ही हातांत पेन्सिल घट्ट धरून दोन्ही मनगटांचे एकाच वेळी चित्र घेण्याची पद्धत मला सोयीची वाटते, कारण तिच्यात भारही येतो, सांधाही किरणांच्या बऱ्यापैकी सरळ रेषेत येतो आणि तुलनेचे मनगट त्याच चित्रात मिळते. आपल्या डॉक्टरांना याबद्दल विचारून पाहावे.

कोनमापक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. मोजमापाच्या उपकरणांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून थोडा वेगळा प्रश्न विचारतो. ५८ अंश सामान्य आणि ७० अंश असामान्य, हे म्हणताना त्या कोनाच्या मापनातली अनिश्चितता किती धरता? स्कॅफॉइड हे काही सरळ दांडके नाही. त्याचा ‘अक्ष’ कोण आणि कसा ठरवतो? तीच गोष्ट फटीची. २ आणि ३ मि.मी. यांत फरक एका मिलिमीटरचा, आणि प्रतिमा किती पटींनी मोठी झाली आहे हे माहीत नसेल तर तो फरक चित्रणातच विरघळून जाईल.

छायाप्रकाश

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे.

स्कॅफॉइडचा आकार वेलांटीसारखा वाकडा आहे, त्यामुळे त्याच्या मधोमध रेषा काढायला गेल्यास प्रत्येकाची रेषा वेगळी येते. व्यवहारात तळहाताच्या बाजूला असलेल्या त्याच्या दोन फुगवट्यांना स्पर्श करणारी रेषा काढतात आणि तिलाच अक्ष मानतात. ल्युनेट चंद्रकोरीसारखे असल्याने त्याच्या दोन टोकांना जोडणारी रेषा काढून तिच्यावर लंब टाकतात. या रीतीने मोजले तरी त्याच चित्रावर दोन जाणकारांच्या उत्तरांत चार-पाच अंशांचा फरक पडणे नवलाचे नाही. त्यामुळे ५८ आणि ६२ हे दोन आकडे एका बाजूला ‘सामान्य’ आणि दुसऱ्या बाजूला ‘असामान्य’ असे मी कधीच मांडत नाही. माझ्या दृष्टीने तो एकच आकडा आहे.

रेषा काढण्यातल्या चुकीपेक्षा मोठी चूक हात ठेवण्यात होते. बाजूचे चित्र घेताना मनगट किंचित फिरलेले असले किंवा थोडे वाकलेले असले, तरी कोन बदलतो. म्हणून मोजण्याआधी मी चित्र मोजण्यालायक आहे का ते पाहतो. पिसिफॉर्म या वाटाण्याएवढ्या हाडाची तळहाताकडची कड, स्कॅफॉइडचे टोक आणि कॅपिटेटची तळहाताकडची कड यांच्या मधोमध पडली असेल, तर मनगट खरोखर बाजूने दिसते आहे. तसेच रेडिअस आणि मधल्या बोटाच्या मुळाचे लांब हाड एका सरळ रेषेत हवेत. या दोन अटी पुऱ्या होत नसतील, तर कोनाचा आकडा लिहिण्यापेक्षा चित्र पुन्हा घेणे बरे. प्रारणाची मात्रा हातापायांच्या एक्स-रेत अत्यल्प असते, त्यामुळे त्यासाठी संकोच करण्याचे कारण नाही.

समोरच्या चित्रातही असाच एक चकवा आहे. मनगट अंगठ्याच्या बाजूला झुकवले, की निरोगी माणसाचे स्कॅफॉइडही पुढे झुकते आणि अंगठीसारखा गोल दिसू लागतो. करंगळीच्या बाजूला झुकवले, की ते उभे राहते. म्हणून केवळ गोल दिसला एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

प्रतिमेच्या वाढीबद्दल आपले म्हणणे खरे आहे. तिच्यामुळे अंतर बिघडते, पण कोन आणि गुणोत्तर बिघडत नाही. याच कारणाने मनगटाची उंची मिलिमीटरमध्ये न सांगता मधल्या बोटाच्या मुळाच्या हाडाच्या लांबीशी असलेल्या गुणोत्तरात सांगतात. यूम आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दिलेले हे गुणोत्तर सामान्य मनगटात ०.५४ च्या आसपास असते. अस्थिरता जुनी झाली आणि कॅपिटेट खाली घसरू लागले की ते कमी होते. अर्थात ते उशिरा कमी होते, त्यामुळे ताज्या इजेत त्याचा फारसा उपयोग नाही.

एक गोष्ट राहिली. फट म्हणून आपल्याला जे दिसते, ते खरे तर रिकामे अंतर नसते. दोन्ही हाडांवरची कूर्चा एक्स-रेत दिसत नाही आणि तिची जाडी त्या फटीत मोजली जाते. लहान मुलांत हाडे पूर्ण घडलेली नसल्याने ही फट नैसर्गिकरीत्याच रुंद दिसते. मुलांच्या एक्स-रेवर प्रौढांची ३ मि.मी.ची मर्यादा लावून घाबरणारे पालक मी पाहिले आहेत.

शस्त्रकर्मी

हाताच्या शस्त्रक्रिया करणारा म्हणून दोन मुद्दे जोडतो आणि एका ठिकाणी धागाकर्त्यांशी थोडा मतभेद नोंदवतो.

पहिला मुद्दा. ल्युनेट पाठीकडे वळलेले दिसले म्हणजे अस्थिबंध तुटला, हे समीकरण चुकीचे आहे. रेडिअसचे टोक मोडून ते पाठीकडे कललेल्या अवस्थेत जुळले असेल, तर ल्युनेटही त्याच्याबरोबर कलते आणि कॅपिटेट हात सरळ ठेवण्यासाठी उलट दिशेला वाकते. अशा रुग्णात कॅपिटेट आणि ल्युनेट यांचा कोन बिघडलेला असतो, परंतु स्कॅफॉइड आणि ल्युनेट एकत्रच कललेले असल्यामुळे त्यांच्यामधला कोन सहसा सामान्य राहतो. येथे अस्थिबंधावर शस्त्रक्रिया करून काही साधणार नाही. दुरुस्त करायचे ते रेडिअस. न जुळलेल्या, मधोमध वाकलेल्या स्कॅफॉइडच्या अस्थिभंगातही ल्युनेट पाठीकडे वळते. त्यामुळे मी नेहमी दोन कोन एकत्र वाचतो, एकटा कधीच नाही.

दुसरा मुद्दा एमआरआयचा. अस्थिबंधाचा जो पाठीकडचा भाग महत्त्वाचा आहे, त्याची जाडी २ ते ३ मि.मी.च असते. जाड काप घेतलेल्या, संपूर्ण हातासाठीच्या सामान्य कॉइलवर (संकेत टिपणाऱ्या वेटोळ्यावर) काढलेल्या एमआरआयमध्ये तो भाग एखाद-दुसऱ्या कापातच दिसतो. ‘एमआरआय सामान्य’ या शब्दांचे वजन यंत्र, कॉइल आणि कापाची जाडी यांवर ठरते. ३ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्र, मनगटासाठीची खास कॉइल आणि १ मि.मी.च्या आसपासचे काप असतील, तर मी त्या अहवालाकडे गांभीर्याने पाहतो.

आता मतभेद. चित्रण कितीही चांगले असले, तरी सांध्यात दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहणे हेच अखेरचे माप आहे. गिस्लर यांच्या १९९६ च्या वर्गीकरणात अस्थिबंध केवळ सैल व रक्ताळलेला असणे ही पहिली श्रेणी, आणि २.७ मि.मी. व्यासाची दुर्बीण दोन हाडांच्या मधून आरपार जाणे ही चौथी. मधल्या दोन श्रेणींत हाडांमधली पायरी आणि शोधशलाका, म्हणजे चाचपून पाहण्याची बारीक सळई, फटीत शिरते का, हे पाहतात. यात रेषा आणि अक्ष यांची भानगड नाही. दिसते ते दिसते.

छायाप्रकाश

दुर्बिणीचे महत्त्व मी नाकारत नाही. अस्थिबंधाचा नेमका कोणता भाग गेला, कूर्चा झिजली आहे का आणि उरलेले टोक शिवण्यालायक आहे का, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. परंतु तीही निरपेक्ष नाही, एवढेच नम्रपणे सुचवतो. तपासणीच्या वेळी रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत असतो, बोटांना वजन लावून मनगट ताणलेले असते आणि स्नायूंचा दाब शून्य असतो. म्हणजे ज्या भाराखाली हा दोष एरवी प्रकट होतो, नेमका तोच भार तेथे नसतो. शोधशलाकेने किती जोर लावायचा हेही ज्याच्या त्याच्या हातावर असते, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या सीमेवर मतभेद होतातच. शिवाय वाढत्या वयात मधल्या पातळ पडद्याला छिद्र पडलेले आढळणे सामान्य आहे. सांध्यात औषध भरून काढलेल्या सीटी किंवा एमआरआयमध्ये ते औषध या छिद्रातून पलीकडे गेलेले दिसते आणि अहवालात ‘अस्थिबंध फाटलेला’ असे येते. फाटलेला म्हणजे अस्थिर, असा अर्थ त्यातून निघत नाही. पाठीकडचा भाग शाबूत असेल तर असे मनगट स्थिर असू शकते.

शस्त्रकर्मी

ताण आणि भूल यांचा मुद्दा मान्य. मधल्या पडद्याच्या छिद्राबद्दल तर मी रुग्णांना रोज हेच सांगतो. तरीही शस्त्रक्रिया करायची की नाही हा निर्णय माझ्या हातात येतो, तेव्हा मी फटीचा आकडा बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारतो : अस्थिबंध शिवता येईल का, सरकलेली हाडे हाताने जागेवर बसवता येतात का, आणि कूर्चा शाबूत आहे का. गार्सिया-इलियास आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या पायऱ्या याच प्रश्नांवर उभ्या आहेत. पहिल्या काही आठवड्यांत अस्थिबंधाची टोके सहसा शिवण्याजोगी असतात, पुढे ती आखडत जातात. म्हणून मूठभर यांनी ‘आकडे मर्यादेत आहेत’ या समाधानात आणखी चार महिने घालवू नयेत.

सांधेसोबती

मी भौतिकोपचाराच्या बाजूने बोलतो. चित्रणाची मागणी करण्यापूर्वी हाताने तपासणे राहून जाते, अशी माझी तक्रार आहे. वॉटसन यांच्या चाचणीत तपासणारा आपल्या अंगठ्याने स्कॅफॉइडच्या तळहाताकडील टोकावर दाब देतो आणि मनगट करंगळीच्या बाजूकडून अंगठ्याच्या बाजूला नेतो. अस्थिबंध गेलेला असेल, तर स्कॅफॉइडचे दुसरे टोक रेडिअसच्या पाठीकडच्या कडेवर चढते आणि दाब काढताच खटका होऊन परत बसते. तो खटका रुग्णाच्या नेहमीच्या दुखण्याशी जुळतो का, हे विचारणे आवश्यक आहे, कारण ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत अशा निरोगी माणसांतही वेदनारहित खटका मिळतो. त्यांच्या दोन्ही मनगटांत फटही जरा रुंद असते. दुसरे मनगट न पाहता अशा माणसाच्या अहवालावर ‘अस्थिरता’ लिहिणे हा अन्याय आहे.

मूठ आवळून काढलेल्या चित्राविषयी अनुभवाची एक गोष्ट सांगतो. दुखणारा माणूस मूठ आवळल्यासारखे करतो, आवळत नाही. चित्रणकक्षात त्याला कोणी किती जोर लावला हे विचारत नाही आणि फट उघडली नाही म्हणून अहवाल सामान्य येतो. मी शक्य असेल तेव्हा पकडीचे बल मोजणाऱ्या उपकरणावर दोन्ही हातांची आधी नोंद घेतो आणि ती चिठ्ठीत लिहितो. दुखऱ्या हाताची पकड दुसऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच असेल, तर त्या चित्राला ‘भाराखालचे चित्र’ म्हणण्यात अर्थ नाही.

कोनमापक

पकडीच्या बलाची ही नोंद मला फार पटली. माझ्या भाषेत सांगायचे तर अशी नोंद नसलेले चित्र म्हणजे भार न नोंदवता घेतलेले विचलनाचे माप आहे.

आता पुढचा प्रश्न. दोष हालचालीत असेल, तर हालचालच का मोजू नये? चलत्चित्रण करणारी सीटी असते असे वाचले आहे.

छायाप्रकाश

हालचाल पाहण्याचा सर्वांत जुना आणि आजही उपयोगी मार्ग म्हणजे सलग एक्स-रे, म्हणजे फ्लुरोस्कोपी. रुग्ण मनगट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेत असताना पडद्यावर हाडांची साथसंगत पाहता येते. निरोगी मनगटात पहिली रांग एकसंधपणे झुकते आणि उठते. अस्थिबंध गेलेला असेल तर स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांची लय मोडते, मधेच एखादे हाड अडून उडी मारल्यासारखे सरकते. अडचण अशी की हे सावल्यांचे चित्र आहे. आठ हाडे एकमेकांवर पडलेली असताना फिरणे आणि सरकणे यांत फरक करणे नजरेच्या सरावावर अवलंबून राहते.

चतुर्मितीय सीटीत हालचाल चालू असताना मनगटाची त्रिमितीय प्रतिमा पुन्हा पुन्हा घेतली जाते आणि प्रत्येक हाडाचा मार्ग संगणकावर वेगळा काढता येतो. येथे किरणांच्या तिरपेपणाचा प्रश्न उरत नाही, कारण अंतर व कोन तिन्ही मितींत मोजले जातात. मात्र हालचाल भराभर केली, तर हाडांच्या कडा दुहेरी दिसतात, म्हणून ती सावकाश करावी लागते, आणि सावकाश, भाराविना केलेली हालचाल म्हणजे झाकण फिरवतानाचे मनगट नव्हे. दुसरे असे की जुनी ३ मि.मी. आणि ६० अंश ही मापे सपाट चित्रांवरून आली आहेत. त्रिमितीय मोजमापासाठी सर्वांनी मान्य केलेली एकच मर्यादा अजून रूढ झालेली नाही, त्यामुळे त्याच रुग्णाच्या दुसऱ्या मनगटाशी तुलना करणे येथेही भाग पडते.

सोनोग्राफीचा उल्लेख राहू नये. अस्थिबंधाचा पाठीकडचा भाग त्वचेच्या अगदी जवळ असल्याने तो तिच्यात दिसतो, आणि रुग्णाला मूठ आवळायला सांगून त्या क्षणी फट उघडते का हेही पाहता येते. तपासणारा सरावाचा हवा, ही तिची मर्यादा आहे.

मूठभर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. आपण सुचवल्याप्रमाणे डॉक्टरांशी बोललो. त्यांनी आधी हात तपासला, पकडीचे बल मोजले आणि मग दोन्ही हातांत पेन्सिल धरून चित्र काढवले. सैल हाताच्या चित्रात दोन्हीकडे फट २ मि.मी.; मूठ आवळल्यावर चांगल्या मनगटात तेवढीच, दुखऱ्या मनगटात ४.५ मि.मी. बाजूच्या चित्रातला कोन मात्र ६१ अंश, म्हणजे जवळजवळ जुनाच. आता ३ टेस्लाच्या यंत्रावर एमआरआय करायचा आहे. माझा प्रश्न एवढाच की कोन फारसा बदललेला नसताना फट इतकी कशी बदलली? आणि उपचार लांबले तर नेमके काय बिघडते?

शस्त्रकर्मी

आपल्या मनगटाविषयी निश्चित काही आपले डॉक्टरच सांगतील. सर्वसाधारणपणे असे म्हणता येते की दुय्यम आधार टिकून असले, तर स्कॅफॉइड कायमचे झुकत नाही. त्यामुळे भाराशिवायचा कोन बराच काळ मर्यादेत राहतो, तर भाराखालची फट आधी उघडते. ते आधार सैल पडत गेले की कोन वाढतो. त्यानंतर स्कॅफॉइड रेडिअसच्या खोबणीत वेडेवाकडे बसू लागते आणि झीज सुरू होते. वॉटसन आणि बॅले यांनी १९८४ मध्ये या झिजेचा क्रम दाखवला : आधी रेडिअसच्या अंगठ्याकडील टोकापाशी, मग रेडिअस व स्कॅफॉइड यांच्या संपूर्ण सांध्यात, आणि शेवटी कॅपिटेट व ल्युनेट यांच्यामध्ये. ल्युनेट आणि रेडिअस यांचा सांधा सहसा वाचतो, कारण तो वाटीसारखा गोल असतो आणि ल्युनेट कोणत्याही दिशेला कलले तरी तेथे नीट बसते. प्रत्येक फाटलेला अस्थिबंध या वाटेने जातोच असे नाही, आणि जातो तेव्हा वर्षे लागतात. भाराखाली फट उघडते पण कोन मर्यादेत आहे, ही स्थिती बोलून निर्णय घेण्यासाठी चांगली आहे, कारण हाडे सहज जागेवर बसवता येतात आणि कूर्चा बहुधा शाबूत असते.

सांधेसोबती

तोवर जमिनीवर तळहात टेकून उठणे आणि जोर लावून मूठ आवळण्याचे व्यायाम बंद ठेवावेत. मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम चांगला म्हणून सगळीकडे सांगितला जातो, पण आपल्याच चित्राने दाखवले आहे की मूठ आवळताच फट उघडते. तो चेंडू सध्या बाजूलाच राहू द्या.

मूठभर

चेंडू आजच कपाटात गेला. एमआरआय झाल्यावर जुनी आणि नवी चित्रे दुसऱ्या एका तज्ज्ञांना दाखवायची आहेत. फिल्म खिडकीशी धरून फोनवर फोटो काढला तर चालेल का?

छायाप्रकाश

कृपया तसे करू नका. फोनच्या भिंगाने कडा वाकतात, फिल्म तिरपी धरली की कोन बदलतात आणि मोजपट्टी हरवते. म्हणजे ज्या चार अंशांवर आपण इतके दिवस चर्चा केली, ते फोटो काढतानाच इकडचे तिकडे होतील. चित्रण केंद्राकडून मूळ डायकॉम फाइली, म्हणजे यंत्रातली चित्रे जशीच्या तशी असलेल्या संगणकीय फाइली, मागाव्यात. त्यांत प्रतिमेचे प्रमाण नोंदलेले असते आणि पाहणाऱ्याला स्वतःच्या रेषा काढता येतात. पहिल्या दिवसाचा सैल हाताचा एक्स-रे, आताची दोन्ही मनगटांची पेन्सिलसह चित्रे आणि एमआरआय हे सर्व एकत्र द्यावे, तारखांसह. पकडीच्या बलाची चिठ्ठीही त्यातच जोडावी.

मूठभर

फाइली मागितल्या आहेत. पहिल्या दिवशी चांगल्या हाताचे चित्र काढलेच नव्हते, असे आता केंद्राकडून कळले. बाकी सर्व मिळेल.